धूळ दाखवण्याचा कार्यक्रम

ज्याच्या घरात गालिचा नाही त्याला गालिचा झाडायचं यंत्र विकायला छाती लागते. 1982 साली मुंबईतल्या काही मंडळींनी ती दाखवली. स्वीडनची इलेक्ट्रोलक्स आणि 1767 पासून मुंबईत बस्तान मांडून बसलेली फोर्ब्स, या दोघींनी मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि ‘युरोक्लीन’ नावाचा व्हॅक्यूम क्लीनर देऊन माणसं घरोघरी धाडली. देश कसला, तर शहाबादी, कोटा आणि मोझॅकच्या फरश्यांचा. सकाळी केर, मागोमाग ओलं फडकं, आणि ही दोन्ही कामं करायला येणाऱ्या बाईचा पगार यंत्राच्या हप्त्याहून कमी. वर लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. म्हणजे प्रतिस्पर्धी नुसता स्वस्त नव्हता, पूज्यही होता.

आर्किमिडीज ‘युरेका’ म्हणत टबातून उठला तो अंगावर चिंधी नसताना रस्त्याने धावत सुटला. त्याचा तो उद्गार नावात मिरवणाऱ्या या कंपनीची माणसं मात्र मुंबईच्या मे महिन्यातसुद्धा टायशिवाय जिना चढत नसत. हातात पेटी, पायांत पॉलिश केलेले बूट आणि तोंडावर न वितळणारं हसू. त्यांना कंपनीत ‘युरोचॅम्प’ म्हणत. पुढे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने या विक्रीपद्धतीवर अभ्यासाची केस लिहिली. ज्यांच्या तोंडावर आपण दार लावलं त्यांच्याविषयी अमेरिकेतली मुलं फी भरून शिकली.

या कंपनीच्या मागोमाग इतरही आल्या, आणि त्या काळात दाराशी पेटी घेऊन उभा राहिलेला माणूस नेमका कुणाचा हे घरच्यांना फारसं कळत नसे. बोईसरला आमची काकी राहते. तिच्याकडे आलेला माणूस कोणत्या कंपनीचा होता ते मी सांगणार नाही. माणूस सज्जन होता आणि पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो बरोबर संध्याकाळी आला, काका कामावरून परतल्यावर. चेकवर सही कुणाची लागते याचा अभ्यास पक्का होता. त्याने यंत्राच्या तोंडाशी एक काळा कपडा लावला, सोफ्यावरून दोनदा फिरवला आणि कपडा काढून काकीसमोर धरला. त्यावर राखाडी धुळीचा गोल वठला होता. मग तो गप्प बसला. सगळी कला त्या गप्प बसण्यात होती. ज्या सोफ्यावर काकी नणंदांना बसवून आपल्या स्वच्छतेविषयी ऐकवत आली, त्याच सोफ्यातली धूळ तिच्या नाकासमोर, तीही नवऱ्यादेखत. काकीने काकांकडे पाहिलं आणि काकांनी चेकबुक शोधलं.

विक्री झाली की हे लोक ओळखीच्या घरांची नावं मागत. काकीने बाकीच्या जावांची नावं दिली. आपलीच धूळ का उघडी पडावी, असा तिचा रास्त विचार असावा. त्यामुळे एका मे महिन्यात तो टाय, पेटी आणि बुटांसकट धाकट्या डहाणूला आमच्या घरी येऊन पोहोचला.

आमचं गाव मच्छीमारांचं. मे म्हणजे पावसाआधीची लगीनघाई. बांबूंवर बोंबील टांगलेले, वाळूवर जाळी अंथरून त्यावर जवळा पसरलेला, आणि वारा समुद्राकडून थेट घरात. वाळू आमच्याकडे उंबऱ्याबाहेर थांबत नाही. ती अंथरुणात असते, भातात असते, लग्नाच्या शालूत असते. आई सकाळी हिरांच्या खराट्याने अंगण झाडते ते वाळू जावी म्हणून नव्हे, वाळू नीट दिसावी म्हणून.

पेटी उघडेपर्यंत वीज गेली. डहाणूचं औष्णिक वीज केंद्र, आमच्या भाषेत ‘थर्मल’, तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. पाचशे मेगावॉटची वीज आमच्या शेजारी तयार होऊन मुंबईच्या उपनगरांत जायची आणि आम्ही चिमणीकडे बघत बसायचो. विजेची वाट पाहताना त्याने आजीशी ओळख वाढवली.

“आजी, ही गादी किती जुनी?”

“माझ्या लग्नातली.”

“कधी साफ केलीत?”

“दर उन्हाळ्यात उन्हात टाकतो की.”

तो समाधानाने हसला. वीज आली, यंत्र घुमलं, आणि काळा कपडा आजीसमोर आला. यावेळचा गोल काकीकडच्यापेक्षा पुष्कळ देखणा होता. तो नियमाप्रमाणे गप्प बसला. आजीही गप्प. मग तिने चिमटीत ती धूळ घेतली, चोळली, वास घेतला आणि म्हणाली, “वाळू आपल्या किनाऱ्याची आहे. थोडी सुकटही आहे यात.”

“आजी, तुम्ही हे रोज श्वासात घेता!”

“बोंबलाचा वास श्वासात नाही घ्यायचा तर कुठे घ्यायचा?”

मग त्याने गादीतल्या सूक्ष्म किड्यांचं मोठं करून छापलेलं चित्र काढलं. डोळ्यांना न दिसणारे हजारो जीव गादीत राहतात, असं सांगितलं. आजीने चित्र लांब धरून पाहिलं. “हे दिसत नाहीत ना? मग राहू देत. ते मांजर दिसतं, ते आवरायचं काही आहे का तुझ्या पेटीत?”

पेटीत पुष्कळ काही होतं, मांजराचं तेवढं नव्हतं. त्या काळच्या आपल्या यंत्रांबरोबर जोडण्यांचा हा ढीग येई. पडद्याचा ब्रश वेगळा, फटीचा वेगळा, जळमटांसाठी लांब दांडा, रंग फवारायची बाटलीसुद्धा. गालिचा नाही म्हटल्यावर बिचाऱ्या कंपन्यांना प्रत्येक वस्तूसाठी एक कारण शोधावं लागलं. आजीचं लक्ष मात्र यापैकी कशातच नव्हतं. ती यंत्राच्या मागे जाऊन हात धरून उभी होती.

“इकडून वारा येतो.”

“हो आजी, ब्लोअर! नळी मागे लावली की फुंकायचं काम करतो.”

“लाव बघू.” आणि तिने आईला सूपभर जवळा आणायला सांगितला.

सुकवलेला जवळा वजनाला काहीच नसतो, वाळू जड. वाऱ्याच्या झोताने जवळा उडून समोरच्या चटईवर गेला, वाळू सुपात राहिली. थोडा जवळा त्या माणसाच्या टायवरही गेला. आई, मावशी, शेजारच्या दोघीजणी ओट्यावर जमल्या. उफणणी इतकी झटपट झालेली गावाने पाहिली नव्हती. आजीने सूप खाली ठेवलं आणि सौद्याला बसली.

“केवढ्याला?”

त्याने किंमत सांगितली. आजी थोडा वेळ विचारात पडली.

“पुढचा भाग नको. नुसता मागचा केवढ्याला देशील?”

आजीला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण एका प्रश्नात तिने या यंत्राचा इतिहास उलटा फिरवला होता. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंडनमध्ये एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते धूळ फुंकून उडवायचं. बूथने विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? उत्तर मिळालं, ते शक्य नाही. हा गडी एका उपाहारगृहात गेला, खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवून जोरात हवा ओढली आणि ठसकून बेजार झाला. रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ चिकटली होती. जगातला पहिला धूळ दाखवण्याचा कार्यक्रम तो हाच.

पुढे त्याने केलेलं यंत्र घरात मावणारं नव्हतं. घोडे जुंपलेल्या गाडीवर ते रस्त्यात उभं राही आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून आत जात. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्याने साफ केला. मला भावतं ते वेगळंच. बूथने नळीचा काही भाग पारदर्शक ठेवला होता. लंडनच्या उमरावांच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून आपल्या दिवाणखान्यातली धूळ नळीतून वाहत जाताना दाखवत. आमच्या काकीला जी लाज वाटली ती त्यांना कशी वाटली नाही, कोण जाणे. कदाचित धूळ ओढायला चार माणसं आणि घोडे लागतात हीच प्रतिष्ठा असेल.

घरात मावणारं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या ओहायोमधल्या जेम्स मरे स्पँग्लर या झाडूवाल्याने. दुकान झाडताना त्याला दमा त्रास देई, म्हणून 1907 साली त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र बनवलं. 1908 मध्ये त्याचे हक्क चामड्याचा माल बनवणाऱ्या विल्यम हूव्हरने घेतले. दमा स्पँग्लरचा, नाव हूव्हरचं. त्या नावाने मग एवढं राज्य केलं की इंग्लंडात यंत्राने झाडण्यालाच ‘हूव्हर करणं’ म्हणू लागले.

आणि याच हूव्हरच्या ब्रिटिश शाखेने 1992 साली विपणनाच्या इतिहासातला सर्वांत मोठा पोरकटपणा केला. शंभर पौंडांचा माल घ्या, विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट! आधी युरोपची, मग चक्क अमेरिकेची. लोकांना धूळ नको होती, न्यूयॉर्क हवं होतं. यंत्रं धडाधड खपली, तिकिटं देताना कंपनीच्या नाकी नऊ आले, एका चिडलेल्या गिऱ्हाइकाने तर कंपनीची गाडीच आपल्या दारात अडवून ठेवली. सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला आणि 1995 साली धंदा इटलीच्या कँडी कंपनीला विकावा लागला. आमच्या आजीने पुढचा भाग नको म्हटलं, ब्रिटिशांनी अख्खं यंत्रच नको म्हटलं.

धूळ दाखवली की यंत्र खपतं हे पुन्हा ओळखलं जेम्स डायसनने. 5,127 नमुने करून त्याने पिशवीविना चालणारं यंत्र जमवलं आणि धूळ साठायचं भांडं पारदर्शक ठेवलं. बाजाराचा अंदाज घेणारे म्हणाले, लोकांना घाण बघायची नसते. त्याने ऐकलं नाही. 1993 साली यंत्र बाजारात आलं आणि लोक भांडं पुन्हा पुन्हा बघू लागले. बूथची नळी, काकीचा काळा कपडा आणि डायसनचं भांडं हा सगळा एकच धंदा आहे.

आपल्याकडे हे सूत्र धुळीपेक्षा पाण्यात जास्त चाललं. युरेका फोर्ब्सने 1984 साली ‘ॲक्वागार्ड’ काढलं, तेही घरोघरी जाऊन विकलं, आणि आज कंपनीचं नाव निघालं की लोकांना आधी पाणी आठवतं. केराला बाई होती, कावीळ-टायफॉइडला कुणी नव्हतं. धाकट्या डहाणूत तेही अवघडच होतं म्हणा. अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मरतात, किनाऱ्यावरच्या विहिरीचा खारेपणा जात नाही.

धूळ पकडायचं सर्वांत मोठं यंत्र आमच्याकडे थर्मलमध्ये आहे. कोळशाची राख चिमणीत जाण्याआधी ते ती विजेच्या भाराने धरून ठेवतं. धुरातला गंधक काढायचं संयंत्र मात्र सहज आलं नाही. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला, 1996 साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलेलं, तरी संयंत्र यायला 2007 उजाडलं. चिमणीच्या मालकांसमोर काळा कपडा धरणारा कुणी टायवाला इतक्या वर्षांत फिरकल्याचं ऐकिवात नाही. धूळ दाखवून लाज आणायचा प्रयोग फक्त गाद्या-सोफ्यांवर होतो.

हल्ली विरारच्या चुलतभावाकडे तबकडीच्या आकाराचं, आपलं आपण फिरणारं यंत्र आहे. ते त्याच्या फोनवर घराचा नकाशा पाठवतं आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडकलं की मदत मागतं. त्याची बायको ते उचलून दुसऱ्या खोलीत नेते आणि मग केर काढते.

घ्यावं की नाही, असं मला लोक विचारतात. गाडी असेल, गालिचा असेल, घरात स्पँग्लरसारखं दम्याचं माणूस असेल, तर जरूर घ्या. चांगल्या फिल्टरचं घ्या, आणि गादीवर काळा कपडा फिरवू देऊ नका, कारण तो कुणाच्याही गादीवर राखाडीच होतो. आणि मागून वारा सोडता येतो का, तेवढं आधी विचारा. बऱ्याच नव्या यंत्रांना ती सोय नसते.