०.५वाल्या एजंटसाहेबांस

श्री. एजंटसाहेब यांस,


पत्रास कारण की, घोडबंदर रोडवरच्या ‘स्पेशियस, एअरी, हिल व्ह्यू’ वन बीएचकेचे तुम्ही नेटवर चढवलेले फोटो आमच्या घरात अजूनही पुन्हा पुन्हा उघडून पाहिले जातात. फ्लॅट बघून आल्यावर तर जास्तच. आधी आम्ही त्यात घर शोधत होतो, आता कारागिरी पाहतो.

काय तो हॉल! फोटो पाहून आमच्याकडे डायनिंग टेबल चौघांचं घ्यावं की सहा जणांचं, यावर वाद झाला होता. प्रत्यक्षात तुम्ही, मी, आमची ही आणि किल्ली घेऊन आलेला वॉचमन असे चौघे आत शिरलो, तेव्हा दार लावण्यासाठी एकाला स्वयंपाकघरात जावं लागलं. वॉचमन बिचारा न सांगता गेला. त्याला सवय असावी. तुम्ही मात्र त्या गर्दीतही दोन्ही हात पसरून ‘बघा सर, किती मोकळं आहे’ म्हणालात आणि तुमचा हात बटणाला लागून ट्यूबलाइट पेटली. दुपारचे साडेतीन वाजले होते. ती पेटली म्हणून समोरची भिंत आम्हाला नीट दिसली, त्याबद्दल आभार.

तुमच्या यशाचं गमक फोनच्या स्क्रीनवर तळाशी लिहिलेलं असतं: ०.५. साधारण २०१९पासून ही अल्ट्रा-वाइड लेन्स फोनमध्ये सर्रास दिसायला लागली आणि बघता बघता स्वस्त फोनमध्येही उतरली. १२० अंशांच्या आसपासचा देखावा ती एका चौकटीत कोंबते. कॅमेऱ्याच्या हिशेबात ही लेन्स १३ मिलिमीटरच्या जवळपास भरते. माणसाच्या नजरेला जवळची म्हणून पूर्वापार धरली जाते ती ५० मिलिमीटरची. अशी लेन्स घेऊन तुम्ही कोपऱ्याला पाठ लावता, जमल्यास अर्धे बाथरूमच्या दारात शिरता, आणि हात वर करून बटण दाबता. जवळची फरशी पसरते, समोरची भिंत लांब पळते, आणि कडेला जे कोणी सापडेल ते ताणलं जातं. म्हणून तर तुमच्या फोटोत उजवीकडचा फ्रिज केटररच्या डीप फ्रीझरएवढा आहे, आणि डावीकडच्या भिंतीवरचं गोल घड्याळ अंडाकृती. पंख्याचं एक पातं दुसऱ्याच्या दीडपट लांब आहे. असा पंखा खरोखर लावला तर स्लॅबसकट खाली यायचा.

पण एक काम तुमच्या लेन्सला जमत नाही. ती टाइल ताणते, टाइलांची संख्या वाढवत नाही. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हल्ली बहुतेक ठिकाणी दोन फूट बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. आमच्या हिने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि तांदूळ निवडावेत तशी बोटाने एकेक टाइल मोजली. रुंदीला पाच. लांबीला सहा, आणि भिंतीलगत कापून बसवलेली अर्धी. म्हणजे दहा बाय तेरा. तुमच्या जाहिरातीत हॉल ‘१८ फुटी’ होता. तुम्ही कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकं मोजलं असेल असं समजून मी तेही गणित करून पाहिलं. तसं धरलं तरी सोळा फुटांच्या थोडं वर जातं. उरलेले दीड फूट कुठून आणलेत ते सवडीने कळवा, आमच्या सध्याच्या घरालाही लागतील.

ही टाइल मोजायची विद्या हिने भिशीतल्या बायकांना शिकवली. त्यानंतर तुमच्या नव्या फोटोंमध्ये हॉलभर गालिचा दिसायला लागला. बाजारावर बारीक नजर असते तुमची, हे मानलंच पाहिजे.

आता बाहेरच्या फोटोकडे येतो, कारण तिथे तुम्ही स्वतःवर मात केली आहे. फोटोत येऊरचा डोंगर बाल्कनीच्या कठड्याला रेलून उभा आहे, हात लांब केला तर करवंदं तोडता येतील इतका जवळ. हा फोटो ०.५ने येत नाही. त्याला ३चं बटण दाबावं लागतं, कारण लांबची लेन्स लांबची वस्तू मोठी करून मधलं अंतर गिळून टाकते. मधल्या अंतरात काय काय होतं ते आम्ही कठड्याशी उभं राहून पाहिलं: घोडबंदर रोड, मेट्रोचे खांब, अर्धवट उभा राहिलेला एक टॉवर, आणि समोरच्या बिल्डिंगच्या ड्रेनेज पाइपांतून फुटलेला एक पिंपळ. तुमच्या जाहिरातीतली हिरवाई हीच असेल तर ती अगदी हाताच्या अंतरावर होती. एकाच खिशातला एकच फोन. त्याने आतली भिंत लांब पाठवायची आणि बाहेरचा डोंगर जवळ बोलवायचा. शिवाय डोंगर श्रावणातला होता. आम्ही वैशाखात आलो, ही आमची घाई.

उजेडाबद्दल फार बोलत नाही. हल्लीचा फोन कमी-जास्त उजेडाचे दोन-चार फोटो घेऊन ते आपणच एकावर एक चढवतो, त्यामुळे काळोख्या खोलीतही सकाळ होते. त्यात तुमचा दोष नाही. बेडरूममधल्या राखाडी सोफ्याचं मात्र बोलायला हवं. ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणून जो सोफा फोटोत होता, त्याच्या जागी प्रत्यक्षात भिंतीत दोन खिळे होते. सोफा संगणकात बसवलेला आहे हे माझ्या सासूबाईंनी घरीच ओळखलं होतं. ‘खिडकीतून ऊन आलंय आणि ह्याची सावली कुठे पडलीय?’ असं त्या म्हणाल्या. सावली पडत नाही त्याच्याशी व्यवहार करू नये, असं त्यांचं कोकणातलं मत आहे. तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सरकारचं मतही जवळपास तेच दिसतं: घर विकण्याच्या जाहिरातीतला फोटो असा बदलला असेल तर ते स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटोही दाखवायचा, असा कायदा तिथे १ जानेवारी २०२६पासून लागू झाला आहे. तुम्ही तिकडे धंदा वाढवू नका, एवढंच सुचवतो.

माझा सगळ्यात लाडका फोटो मात्र तुमच्या दुसऱ्या जाहिरातीतला आहे, मानपाड्याच्या टू बीएचकेच्या किचनचा. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, वर स्टीलचं मांडणीसारखं रॅक, आणि रॅकच्या बाजूला खिळ्याला लटकलेलं कालनिर्णय. तुम्ही ओटा पुसलात, सिलिंडर पडद्याआड सरकवलात, पण कालनिर्णय काढायचं राहिलं. फोटो मोठा केला तर स्वच्छ वाचता येतं: मे २०१९. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा करोनासुद्धा यायचा होता. मी तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही हळहळून म्हणालात, ‘तो फ्लॅट कालच गेला सर.’

तर हे असं आहे. तो फ्लॅट कालच गेला, गेली काही वर्षं तो कालच जातोय. पण ‘सेम टू सेम दुसरा’ तयार असतो, फक्त ‘थोडा आत’, म्हणजे रिक्षावाला नको म्हणतो इतका आत. आणि भाडं ‘थोडं वर’. त्या एका फोनने माझा नंबर तुमच्याकडे गेला, आणि संध्याकाळपर्यंत ज्यांना मी कधी विचारलं नव्हतं अशांचे फोन सुरू झाले. ‘सर, ठाण्यात शोधताय ना? बजेट काय आहे?’ तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो की फोटोतलं घर हा माल आणि मी गिऱ्हाईक. तुमच्या दुकानात फोटो ही पाटी आणि माल मीच: भाडं देऊ शकणारा, रविवारी मोकळा असणारा, महिनाअखेर घर सोडायचं असणारा एक चालू नंबर. त्या फोटोला खरं असायची गरजच नाही. त्याचं काम माझ्याकडून फोन करवून घेण्याचं, आणि ते झालं की त्याची नोकरी संपली.

पुढचं काम रविवार करतो. तुम्ही आधी तो काळोखा फ्लॅट दाखवता, मग लिफ्ट नसलेला चौथा मजला, मग जिथे वरच्या मजल्याच्या बाथरूममधून छताला ओल उतरून पोपडे लोंबतायत तो. तोवर लेकरू रडायला लागलेलं असतं, दुपारचं जेवण हुकलेलं असतं, आणि तुमच्या बाइकच्या मागे रिक्षा घेऊन फिरता फिरता मीटर फिरलेलं असतं. मग येतो ‘ठीकठाक’ फ्लॅट. सकाळी फोटोत पाहिला असता तर त्याला कोणी विचारलं नसतं. चार वाजता तो बरा वाटतो. तिथे तुम्ही हळूच सांगता की आणखी एक पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय. ही पार्टी आजवर कोणी पाहिलेली नाही, तिची सावलीही सासूबाईंना दाखवायला हवी. टोकन आमच्याकडून जातं, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून जातं, आणि करार अकरा महिन्यांचा होतो, म्हणजे पुढच्या वर्षी तुमची पुन्हा भेट.

विकायच्या घराचं बरं आहे. तिथे रेराचा कायदा आहे, २०१६चा. कार्पेट एरिया म्हणजे काय हे त्यात एकदाचं लिहून टाकलंय, त्यामुळे बिल्टअप आणि सुपर बिल्टअपचा जुना खेळ थोडा आवरला. जाहिरातीतल्या किंवा सॅम्पल फ्लॅटमधल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले, तर बिल्डरने नुकसान भरून द्यायचं आणि गिऱ्हाइकाला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासकट पैसे परत करायचे, असंही त्याचं १२वं कलम सांगतं. महारेराने १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला, आणि एजंटांना परीक्षासुद्धा द्यायला लावली. तुम्ही ती उत्तम गुणांनी पास झाला असणार, शंका नाही. पण हे सगळं नव्या प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीपुरतं. भाड्याच्या घराला रेरा दारात उभं करत नाही. उरतो २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा; दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. एका वाया गेलेल्या रविवारासाठी आणि रिक्षाच्या भाड्यासाठी कोण तिथे अर्ज घेऊन जातो? हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक आहे.

घराचा चांगला फोटो काढूच नये, असं म्हणणारा मी नाही. आवरलेलं घर, उघडलेले पडदे, सरळ उभ्या भिंती, यात फसवणूक कसली? २००९मध्ये एअरबीएनबी चालवणारे ब्रायन चेस्की आणि जो गेबिया न्यूयॉर्कला जाऊन लोकांच्या घरांचे फोटो स्वतः काढत फिरले होते, कारण यजमानांनी टाकलेले फोटो अंधूक आणि वाकडेतिकडे असायचे. फोटो सुधारले, तशी बुकिंगं वाढली. पण त्यांच्या धंद्यात पाहुणा त्याच खोलीत जाऊन झोपणार होता, आणि सकाळी उठून त्या खोलीबद्दल चार ओळी सगळ्यांना वाचायला लिहून ठेवणार होता. तुमच्याबद्दल लिहायला जागा कुठे आहे? तुमचा फोटो बघून आलेला माणूस दुसऱ्याच फ्लॅटमध्ये राहायला जातो, आणि पोलीस व्हेरिफिकेशनपासून पाइप गॅसपर्यंतच्या धावपळीत पहिला फोटो कोणता होता हेही विसरतो.

तेव्हा एक धंद्याची गोष्ट बोलतो. आमचा शोध अजून चालू आहे, बजेट तुमच्याकडे आहेच. पुढच्या फ्लॅटला बोलवण्याआधी मला जिमचे आणि लिफ्टच्या लॉबीचे फोटो नकोत; ते तुमच्या प्रत्येक जाहिरातीत असतात आणि जिम बहुधा एकच आहे. मला टॉयलेटचा फोटो हवा. वरच्या मजल्याच्या बाथरूमखाली येणाऱ्या छताचा हवा. बेडरूमच्या खिडकीचा हवा, बटण १वर ठेवून, सकाळी दहाला, ट्यूब बंद करून. हॉलचा काढाल तेव्हा गालिचा गुंडाळून ठेवा. टाइल्स आम्ही मोजून घेऊ. आणि किचनच्या फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र ओट्यावर ठेवा. अपहरण झालेला माणूस जिवंत आहे हे दाखवायला ठेवतात ना, तसं. फ्लॅटही अजून आहे एवढं कळलं तरी पुरे.

हे फोटो शनिवारी रात्रीपर्यंत आले तर रविवारी येतो. नाही आले तर वॉचमनला सांगा, आज स्वयंपाकघरात जायची गरज नाही.

आपला,
तुमच्या फोनमध्ये ‘पार्टी १ बीएचके फॅमिली नॉनव्हेज’ या नावाने सेव्ह असलेला