डब्यातला कुपा आणि आक्कांचं तोंड

अहो वहिनी, जरा इकडे या की. असं अलीकडे, मेंदीपाशी. ऐकलंत का, पलीकडच्या आक्कांच्या घरी डब्यातला मासा आलाय! जेवणाच्या डब्यातला नव्हे हो, पत्र्याच्या. सीलबंद. सून मालवणची ना त्यांची, तिचा भाऊ बोटीवर असतो, त्यानं लक्षद्वीपहून आणले म्हणे, चांगले सहा डबे. मिनिकॉय बेटावर 1969 पासून कारखाना आहे त्याचा. लेबलवर ट्यूना लिहिलंय, पण ती म्हणते कुपा. आपल्याला काय बाई, मुळा धरणातला कटला ठाऊक, फार तर रोहू.

तुम्ही म्हणाल, हिला कसं कळलं? दार आहे का आपल्या या शनिदेवाच्या गावात कुणाच्या घराला? 2011 साली बँकसुद्धा बिनकुलपाची आली इथं, तिथं माशाचा वास कुठं लपायचा! मी फक्त विरजण मागायला गेले होते. विरजण माझ्याकडे होतं म्हणा, पण…

तर काय सांगत होते, पहिला डबा ती पोरगी शनिवारी उघडायला निघाली. शनिवारी! रस्त्यावरून तेलाच्या बाटल्या घेऊन माणसं देवळाकडे चाललीत आणि ही इकडे डब्याची कडी ओढतेय. आक्का ओसरीवरून अशा ओरडल्या की भाविकांनी वळून पाहिलं. सुनेचं तोंड एवढंस्सं झालं. डबा गेला परत फडताळात, थेट बुधवारपर्यंत.

बुधवारी मग उघडला. आता मला सांगा, त्यातलं पाणी तिनं पार पिळून काढलं, मासा कढईत घातला, वर कांदा-मिरचीची फोडणी आणि पंधरा मिनिटं झाकण! भुर्जी करायची होती तिला. आक्कांनी पहिला घास घेतला आणि भाकरी ताटात ठेवली. म्हणाल्या, “आगं, ह्यो मासा हाय का लाकडाचा भुस्सा?” मुलगा खाली मान घालून पाणी पीत राहिला. तीन तांबे प्यायला, मी मोजले.

आता यात पोरीची चूक एवढीच, की तो मासा आधीच शिजलेला असतो. डब्यात भरायच्या आधी एकदा वाफवतात आणि डबा बंद केल्यावर पुन्हा दाबाखाली तापवतात, तेव्हा तर तो वर्षानुवर्षं टिकतो. दोनदा शिजलेल्याला तिसऱ्यांदा शिजवलं तर चोथाच होणार की. तिकडं मिनिकॉयला याच माशाला उकडून, धुरी देऊन, वाळवून ‘मास’ करतात, लाकडासारखा कडक. आक्कांच्या घरी तो आपोआप झाला!

बरं, मग मुलानं काय करावं? सोनईहून येताना मेयोनीजची बाटली घेऊन आला. शहरात शिकायला होता ना, तिथं ट्यूना सँडविच खायची सवय लागलेली. आक्कांनी बाटली हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. “ह्यात कच्चं अंडं आसतंय, बातम्यांत दावत्यात.” ते खरंच आहे म्हणा, तेलंगणानं 2024 ला कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षाची बंदी घातली, मग 2025 च्या एप्रिलात तामिळनाडूनं. पण गंमत ऐका. त्या बाटलीवर हिरवा ठिपका होता! बिनअंड्याचं होतं ते. मला दिसला, पण मी कशाला बोलू मायलेकांच्या मध्ये? बाटली गेली शेजारच्या पोरांच्या वडापावात. आणि खरं सांगू का, चांगलंच झालं. ते बाटलीतलं म्हणजे नुसतं गुळमट तेल, माशाला त्याची चव कुठली?

तर सून हिरमुसली, पण गप्प बसणारी नाही हं. दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं तिला, अगं, मेयोनीज म्हणजे तरी काय, तेल आणि आंबट एकत्र फेटलेलं. अंडं त्यांना धरून ठेवतं एवढंच. आणि धरून ठेवायचं काम आपली मोहरीही करते की! लोणच्याला फेसतो तशी फेस. तिनं लगेच ट्राय केलं. अर्धा चमचा मोहरीची पूड थोड्या पाण्यात घालून अशी फेसली, अशी फेसली, की ओसरीवर बसलेल्या आक्कांच्या नाकातून पाणी आलं. मग त्यात चमचाभर तेल, थेंबथेंब हं, एकदम ओतलं की फुटतं. आणि मग दोन मोठे चमचे चक्का. श्रीखंडाला बांधतो तितका घट्ट नको, दोन तास टांगला की पुरे, थोडा ओलावा राहायला हवा त्यात.

आणि मासा? तो या वेळी कढईत गेलाच नाही. 185 ग्रॅमचा डबा, पाणी निथळून 130 च्या आसपास मासा निघतो. पिळायचा नाही, नुसता निथळायचा. काट्यानं मोकळा करायचा, वर अर्ध लिंबू, एक चमचा तेल, आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचा. हे दहा मिनिटांचं आमच्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. ती फोनवर भावाशी बोलत बसली म्हणून राहिला, आणि तेवढ्यात मासा असा मऊ पडला की बोटांना कळत होतं. मीठ मात्र आधी चाखून, मिठाच्या पाण्यातला असेल तर वेगळं लागतच नाही. आणि तेलातला डबा मिळाला तर ते तेल ओतून टाकू नका हो! सगळी चव त्यातच उतरलेली असते, मोहरीत तेच घालायचं.

मांजराचं सांगायचं राहिलंच. काढलेलं पाणी तिनं वाटीत ठेवलं होतं, पुन्हा थोडं लागेल म्हणून. आपण उंबऱ्याला फळी टेकवतो ती कुत्र्यासाठी, मांजर काय जुमानतंय? वाटी चाटून पुसून साफ. मुलगा म्हणाला, आता लागली बघा हिला साडेसाती! आक्का सोडून सगळे हसले.

तर काय सांगत होते… हां, मासा त्या मोहरी-चक्क्यात कालवला, कालवण तयार. आयत्या वेळी बारीक कांदा, कोथिंबीर, किसलेली काकडी. आक्का घास उचलणार, तेवढ्यात त्यांची नगरची लेक आली. आली ती आलीच! अजूनही ती नगरच म्हणते हं, अहिल्यानगर तोंडात बसलं नाही तिच्या. ताटात बघितलं आणि कपाळाला हात लावला. “माशावर दही? वहिनी, अंगावर कोड उठतं, माहीत नाही का तुला?” झालं! घास हातातच राहिला. सून पांढरीफटक. मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. मीसुद्धा क्षणभर… आपल्या आजीनं हेच सांगितलंय ना हो सगळ्यांना.

पण सून बोलली, आणि काय शांत बोलली! म्हणाली, ताई, चरकात माशाबरोबर दूध नको असं आहे, ते मान्य. पण बंगाली लोक पिढ्यान्‌पिढ्या दह्यातला मासा खातात, अख्ख्या कोलकात्याला कोड कुठं उठलंय? कोड खाण्यानं होत नाही, शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या कातडीच्या रंगावर उलटते म्हणून होतं. नणंद गप्प. आक्कांनी लेकीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि घास तोंडात घातला. बोलल्या काही नाहीत. पण दुसरी भाकरी मागितली! नणंदेचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही, कडू कारलं.

तरी त्या पोरीनं नणंदेचाही मान ठेवला. दुसऱ्या दिवशी बिनदह्याचं केलं, स्वतःच्या माहेरच्या पद्धतीनं, नारळाचं दाट दूध आणि कोकमाचं आगळ घालून. चव छान, पण अर्ध्या तासात पाणी सुटलं, भाकरी भिजली. माझं मत विचाराल तर ते भाताबरोबर ठीक. उकडलेला बटाटा घालून पाहिला तो तर अजिबात नको, कोरड्यात कोरडं. टिक्क्या करायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

आणि मग आक्कांनीच शोध लावला! इतके दिवस नाकं मुरडणाऱ्या आक्कांनी. दाण्याचं कूट घेतलं, चांगलं भाजलेल्या दाण्यांचं. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलं, त्यात हिरव्या मिरचीचा खरडा, लिंबू, दोन चमचे कोमट पाणी, आणि त्यात मासा कालवला. ना दही, ना नारळ, ना बाटली. बाजरीच्या गरम भाकरीवर. कुटाचं तेल माशात मुरतं ना, सकाळचं संध्याकाळी जास्त ओलं लागतं. तिळाचं कूटही चालतं म्हणे, पण आक्का म्हणाल्या, “तीळ देवाला, दाणं आपल्याला.” सून हसली. तेव्हापासून सासू-सून एका खलबत्त्याशी बसतात, मी रोज बघते. म्हणजे बघायला जात नाही, दिसतंच.

उरलेला मासा पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नाही हं, काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायचा. डबा फुगलेला दिसला तर उघडायचासुद्धा नाही, सरळ फेकायचा.

आता इतकं तुम्हाला सांगितलंच आहे तर… सहातला एक डबा आक्कांनी मला दिलाय. घ्याच म्हणाल्या, नाही कसं म्हणणार? आज बुधवार आहे, उद्या आमच्या ह्यांचा गुरुवार, परवा एकादशी, मग शनिवार. म्हणजे आजच करायला हवा. तुमच्याकडे चक्का टांगलेला दिसतोय मघापासून. वाटीभर द्या ना वहिनी.