कुंडीदार

ज्यांच्या नावे सातबाऱ्यावर एक गुंठाही जमीन नाही, ज्यांच्या पूर्वजांनी कसलेली शेते कुळकायद्यात, भाऊबंदकीत किंवा गिरणीच्या नोकरीपायी गावीच मागे राहिली, आणि ज्यांचा भूमीशी उरलेला संबंध सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटापुरताच आहे, अशा माणसांनी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या उपनगरांत, जमिनीपासून चाळीस-पन्नास फूट उंचीवर, सहा फूट लांब व तीन फूट रुंद गॅलरीत जे एक स्वतंत्र संस्थान निर्माण केले आहे, त्याच्या अधिपतीस आम्ही कुंडीदार म्हणतो. जमीनदारी गेली, इनामे खालसा झाली, संस्थाने विलीन झाली. कुंडीदारी मात्र कोणत्याही कायद्याच्या कचाट्यात न सापडता वर्धिष्णू आहे.

कुंडीदार बहुधा सेवानिवृत्त असतो. बँक, टपाल खाते, विमा किंवा तत्सम एखाद्या कचेरीत तीस-पस्तीस वर्षे इतरांच्या सह्यांची रुजुवात करण्यात घालवल्यावर, ज्यांच्यावर आपला हुकूम चालेल अशी थोडी रयत हाताखाली असावी, या वाजवी आकांक्षेने तो या क्षेत्रात उतरलेला असतो. जास्वंद, अनंत, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, अळू, लावल्यापासून एकदाही मोहोर न धरलेला कुंडीतला आम्रपाली आंबा आणि सर्वांच्या अग्रभागी तुळस, ही त्याची प्रजा. अर्ध्या चड्डीच्या एका खिशात सुतळीचे भेंडोळे व दुसऱ्यात कात्री, ही त्याची राजचिन्हे. उत्पन्नाविषयी विचारले तर तो अल्पाक्षरी होतो आणि "आहेत दोन कळ्या" एवढ्यावर विषय मिटवतो. पण वाऱ्याविषयी विचारले तर पाहुण्याचा चहा गार झाला तरी थांबत नाही, कारण त्याच्या मते बाग फुलवणे कोणासही जमते, बाग राखण्याला मात्र माणूस लागतो.

पावसाळ्यातील वारा कुंडीदार फारसा मनावर घेत नाही. तो नैर्ऋत्येकडून, ठरल्या महिन्यात, ढगांचा फौजफाटा घेऊन येतो आणि सोबत पाणी आणतो, म्हणून त्याचे अपराध पोटात घालता येतात. दिवाळी सरल्यावर सुटणारा वारा मात्र त्याच्या लेखी घरभेद्या होय. शालेय भूगोलात ज्यांची मतलई वारे म्हणून ओळख करून दिली जाते, ते जमिनीकडून समुद्राकडे जाणारे वारे हिवाळ्यात सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतात, पश्चिमेचे खारे वारे लवकर आत शिरत नाहीत, आणि मधल्या काळात पूर्वेकडून येणारा कोरडा झोत पानांतील ओलावा मुळांनी पुरवण्याच्या आत शोषून घेतो. परिणामी पानांच्या कडा करपतात, आणि "पाणी कमी पडलं असेल" असा जो सरळ निष्कर्ष सौभाग्यवती काढतात, तो कुंडीदारास आपल्या विद्वत्तेचा उपमर्द वाटतो. बोट ओले करून ग्रिलबाहेर धरावे, डोळे किंचित मिटावे आणि "ईशान्येचा आहे" असे जाहीर करावे, हा त्याचा नित्याचा प्रातर्विधी. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट या अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी प्रतवारी लावली, तिच्या पुढे जमिनीसाठी बेतलेल्या रूपात चौथ्या पायरीवर धूळ आणि सुटे कागद उडतात व पाचवीवर पानांनी भरलेली लहान झाडे डोलू लागतात. कुंडीदाराने तिची स्थानिक आवृत्ती सिद्ध केली आहे: पहिल्या पायरीवर तुळशीच्या मंजिऱ्या हलतात, तिसरीवर समोरच्या इमारतीतील परकर दोरीवर आडवे होतात, पाचवीवर चिमटे निखळतात, आणि सातवीवर ते परकर कुंडीदाराच्या जास्वंदीवर येऊन विसावतात, त्यापुढील निरीक्षण सौभाग्यवतींच्या मनाईहुकमामुळे अपूर्ण राहिले आहे.

प्रदेशपरत्वे या जातीत भेद पडतात. बोरिवलीचा कुंडीदार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या शेजाराने गर्विष्ठ झालेला असतो. थंडी आणि वारा हे दोन्ही जिन्नस प्रथम आपल्याकडे उतरतात व उरलेसुरले दक्षिणेस रवाना होतात, अशी त्याची धारणा असते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदल्या गेलेल्या ७.४ अंश सेल्सिअस तापमानाचा दाखला देऊन, "तिथे ७.४, मग इथे काय असेल!" असे म्हणताना, तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या आपल्या इमारतीस तो त्या दिव्यातून सहीसलामत पार करून आणतो. त्याच डोंगराच्या पूर्व अंगास राहणारा मुलुंडचा कुंडीदार हा दावा मुळीच मान्य करीत नाही. डोंगर सामायिक, पण वारा पूर्वेचा, तेव्हा पहिला मान आमचा, ही त्याची कैफियत भूगोलाच्या दृष्टीने बिनतोड असल्यामुळे बोरिवलीकर तिला उत्तर न देता आपल्या डेलियाचे छायाचित्र पाठवतो. घाटकोपरच्या कुंडीदाराचा वारा दोन टॉवरांमधील बोळातून येतो; बोळ अरुंद म्हणून वेग वाढतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे शास्त्र त्याने बिल्डरास पत्राने कळवलेले असते. अंधेरीकराचा रुबाब निराळा. जानेवारी २०२२ मध्ये वेरावली येथे हवामान खात्याचे डॉप्लर रडार सुरू झाल्यापासून तो त्याचा उल्लेख "आमचे रडार" असाच करतो. त्याच महिन्यात वायव्येकडून धुळीचा लोट येऊन अवघे शहर धूसर झाले, तेव्हा एकेक पान ओल्या फडक्याने पुसत असतानाही त्याने रडाराविरुद्ध चकार शब्द काढला नाही.

तथापि कुंडीदाराचे खरे तेज प्रकट होते ते वादळाच्या वर्दीने. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन, एक मान्सूनच्या तोंडावर आणि दुसरा मान्सून परतल्यावर, डिसेंबरपर्यंत. या दुसऱ्या हंगामात लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याचे वृत्त आले, की त्याचा थेट रोख आपल्या ग्रिलवर आहे, अशी त्याची खात्री पटते. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याची पत्रके मच्छीमारांसाठी, बंदरांसाठी आणि जिल्हाधिकाऱ्यांसाठी निघतात हे त्याला ठाऊक असते. पण हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या चार रंगांपैकी पिवळा लागताच त्याची मुद्रा जी उजळते, तीवरून पत्रकाचा खरा मानकरी कोण याविषयी पाहणाऱ्यास संदेह उरत नाही.

तत्क्षणी बंदोबस्ताचे फर्मान सुटते. कठड्यावरील कुंड्या खाली उतरवाव्या; उंच झाडे भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकांस टेकून उभी करावी; वाढलेले शेंडे छाटावे; खोड बांबूस बांधताना सुतळीला इंग्रजी आठाच्या आकड्याचा पीळ द्यावा, म्हणजे खोड हलेल पण घासणार नाही. नवशिका कुंडीदार ग्रिलला ताडपत्री बांधतो आणि तिचे शीड होऊन ग्रिलच प्रवासास निघू पाहते. मुरलेला कुंडीदार अर्धा वारा आत येऊ देणारी हिरवी जाळी लावतो, कारण भरीव आडोशामागे वारा भोवरे घालतो आणि सच्छिद्र आडोशात त्याचा जोर मोडतो. जळगावकडे केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात ती याच न्यायाने. शेवटचे कलम, कुंड्यांस भरपूर पाणी घालून त्यांचे वजन वाढवावे, हे मोठ्या कष्टाने दाखल झालेले आहे. सोसायटीने 'स्लॅबवर भार येतो' अशी नोटीस दिल्यावरून त्याने मातीच्या जागी कोकोपीट आणि मातीच्या कुंड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या कुंड्या आणल्या. तेव्हा भार इतका हलका झाला, की 'कुंड्या वाऱ्याने खाली पडण्याचा संभव आहे' अशी सोसायटीने दुसरी नोटीस दिली. या दोन नोटिशांच्या दरम्यान, तळाशी विटांचे तुकडे घालून, कुंडीदार कालक्रमणा करीत असतो.

नारिंगी रंग लागला की प्रजेचे घरात स्थलांतर होते. अनंत दिवाणखान्यात, मोगरा शिलाईयंत्रावर, अळू न्हाणीघरात, आणि ज्या टेबलावर चिरंजीव लॅपटॉप उघडून कचेरीचे काम करतात तेथे आम्रपाली, अशी वाटणी होते. पाचशे चौरस फुटांच्या त्या घरात मग माणसांनी कोठे असावे, हा प्रश्न गौण ठरतो.

"अहो, रात्री पाणी प्यायला उठले तर जायचं कुठून?" सौभाग्यवती विचारतात.

"कर्दळीच्या डावीकडून. आणि दिवा लावू नकोस, शेवंती दचकते."

"चाळीस वर्षांत माझ्या झोपेची एवढी काळजी केली नाहीत."

"तू कधी वाऱ्यावर होतीस?" असे उत्तर देऊन तो प्रकरण दप्तरदाखल करतो.

अशा बंदोबस्ताचा इतिहास कुंडीदारास मुखोद्गत असतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. कचेऱ्या लवकर सुटल्या, कुंड्या आत आल्या, आणि उपनगरात वारा बेताचाच झाला. डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिणेत हाहाकार उडवून आलेल्या 'ओखी'पायी मुंबईच्या शाळांना सुटी मिळाली. वादळ गुजरातच्या वाटेवर समुद्रातच क्षीण झाले आणि मुंबईकराच्या वाट्यास भर हिवाळ्यातील पाऊस तेवढा आला. ३ जून २०२० चे 'निसर्ग' दिवेआगर-श्रीवर्धनकडे गेले. याउलट १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते'चा मुक्काम सौराष्ट्रात नेमलेला असताना, त्याने केवळ जाता जाता कुलाब्यास ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला आणि मुंबईत शेकडो झाडे पाडली. यावरून इतरेजन हवामानाच्या अंदाजाविषयी काय तो निष्कर्ष काढोत; कुंडीदाराच्या मते चारही वेळा बंदोबस्त चोख होता, आणि वादळाने रस्ता बदलला तो अंशतः त्यामुळेच.

आणि तरीही, वादळ हुकल्याच्या दुसऱ्या दिवशी कुंड्या पुन्हा बाहेर नेताना त्याच्या चेहऱ्यावर जी म्लानता असते, ती कंबरदुखीची नव्हे. त्याचा एक चुलतभाऊ दापोलीकडे खराखुरा बागायतदार आहे. 'निसर्ग'मध्ये त्याची आजोबांच्या हातची आंब्याची कलमे मुळासकट उन्मळली, पोफळी मधोमध मोडल्या, फोनवर तो एवढेच म्हणाला, "पडलं सगळं. बघू, लावू परत." कुंडीदार त्या दिवशी प्रामाणिकपणे हळहळला, पण सरकारने फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये नुकसानभरपाई जाहीर केल्याचे वाचताच त्याची लेखणी सवयीने कागदाकडे वळली. १८ चौरस फुटांची गॅलरी म्हणजे १.६७ चौरस मीटर, त्याचे हेक्टर केले असता रक्कम येते ८ रुपये ३६ पैसे; शिवाय भरपाईची कमाल मर्यादा दोन हेक्टर असून आपण ती ओलांडत नाही, याचीही त्याने खातरजमा करून घेतली. अर्ज त्याने केला नाही, कारण झेरॉक्सचाच खर्च अधिक झाला असता. परंतु शेतीच्या हिशेबात आपले क्षेत्र एकदा तरी बसले, याचे समाधान त्या कागदावर स्पष्ट दिसत होते. एरवी त्याच्या बागेस जगात कोणी बाग म्हणत नाही. सून तिला 'पसारा' म्हणते, सेक्रेटरी 'अतिक्रमण' म्हणतो. वादळाची वर्दी हीच काय ती त्याची सनद. त्या एका पत्रकापुरता तो दापोलीच्या भावाच्या आणि समुद्रावरच्या कोळ्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो.

घात होतो तो बिननावाच्या वाऱ्याने. जानेवारीतील एखाद्या दुपारी, पत्रक हिरवे, आकाश निरभ्र, कुंडीदार जेवून आडवा झालेला, अशा मुहूर्तावर दोन टॉवरांमधून एकच झोत येतो आणि प्रदर्शनासाठी राखलेल्या गुलाबाची कुंडी कलंडून खालच्या छज्ज्यावर पडते. दर हिवाळ्याच्या उत्तरार्धात भायखळ्याच्या राणीबागेत महापालिकेचे जे पुष्पप्रदर्शन भरते, त्यात एकदा तरी तो गुलाब मांडायचा, हा त्याचा जुना संकल्प याच कारणाने पुन्हा एक वर्ष लांबणीवर पडतो. खालच्या मजल्यावरील बेन वर मान करून ओरडतात, "भाऊ, पाऊस नाय, वादळ नाय, तरी आमच्या पापडवर माती कशी?" सेक्रेटरी पंचनाम्यास येतो, वॉचमन तुटलेला गुलाब दोन बोटांत धरून वर आणतो. कुंडीदार मात्र पडलेल्या गुलाबापेक्षा एकाच गोष्टीने व्यथित असतो: "आधी काही कळवायची पद्धत आहे की नाही?"

त्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने त्याची कर्मकहाणी ऐकून घेतली आणि एक जाडजूड निवडुंग पुढे सरकवला. "साहेब, हा न्या. वारा येऊ दे, ऊन येऊ दे, पंधरा दिवस पाणी नाही दिलं तरी चालेल. याला काही करावं लागत नाही."

कुंडीदाराने निवडुंगाकडे, सर्व कागदपत्रे बिनचूक आणणाऱ्या खातेदाराकडे पूर्वी तो ज्या नाराजीने पाहत असे त्याच नाराजीने पाहिले. मग पलीकडे, पातळ दांड्यावर जड फूल तोलत, पंख्याच्या वाऱ्यानेही थरथरणाऱ्या एका डेलियापाशी तो थांबला.

"हा वाऱ्यात टिकेल का?"

"नाही टिकणार, साहेब. खोटं कशाला बोलू?"

"बांधून द्या," कुंडीदार म्हणाला, आणि त्याने खिशातून सुतळी काढली.