मा. लेखाशीर्ष महोदय, आता खरेदी पुरे

प्रति,
मा. लेखाशीर्ष महोदय (डिजिटल साहित्य खरेदी),
मु. कागदोपत्री, ता. साकोली, जि. भंडारा

विषय : शाळेचं लाइटबिल भरण्याबाबत

महोदय,

मार्च हा आपल्या बरकतीचा महिना. 31 तारखेच्या आत निधी खर्ची पडला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणून वर्षभर झोपलेल्या फायली या महिन्यात धावत सुटतात आणि स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, इंटरॅक्टिव्ह पॅनेल अशा नाना रूपांनी आपण जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये अवतरता. कधी समग्र शिक्षेतून, कधी जिल्हा नियोजनातून, कधी वित्त आयोगाच्या पैशातून. नेमक्या याच महिन्यात, 15 मार्च 2024 रोजी, शालेय शिक्षण विभागाने संचमान्यतेचा नवा शासन निर्णय काढला. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकाची पदं शून्य! पडद्याला मंजुरी आणि पडद्यापुढे उभं राहणाऱ्या गुरुजींना नामंजुरी, तीही एकाच हंगामात. एवढा नेमका योग जुळवून आणल्याबद्दल आपलं अभिनंदन करावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या उदारपणाबद्दल शंका नाही. समग्र शिक्षेच्या निकषांत दोन स्मार्ट वर्गखोल्यांसाठी 2 लाख 40 हजार रुपये एकरकमी आणि पुढे वर्षाला 38 हजार रुपये धरलेले आहेत. त्या 38 हजारांत ई-साहित्यही आलं आणि वीजही आली. पण ही चैन सहावी आणि त्यापुढच्या वर्गांची. पहिली ते चौथीच्या शाळेत ग्रामपंचायतीने किंवा गावाने वर्गणी काढून टीव्ही बसवला, तर त्याच्या बिलाचा वाली कोण? शाळेचं संयुक्त अनुदान. केंद्राच्या चौकटीत 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला ते वर्षाला 10 हजार रुपये मिळतं. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा. उरले 9 हजार, म्हणजे महिन्याला 750. एवढ्यात खडू, फुटलेली कौलं, पाण्याची सोय, रजिस्टरं, झेरॉक्स आणि लाइटबिल. त्यात हे पैसेही सहसा वर्षाच्या सुरुवातीला येत नाहीत, हप्त्याहप्त्याने येतात, आणि बिल तर महिन्याच्या महिन्याला येतं.

ते बिल आपण एकदा उलगडून वाचावं, अशी नम्र विनंती आहे. वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि सगळ्यांत वर स्थिर आकार. विदर्भात शाळेची घंटा जूनअखेर वाजते. त्याआधी भंडारा जिल्हा पंचेचाळीस अंशांत भाजत असतो आणि शाळेला कुलूप असतं. मीटर जागचं हलत नाही, तरी स्थिर आकार लागतोच. न भरलेल्या रकमेवर व्याज चढतं आणि एक दिवस खांबावरून वायर सुटते. 2012 पर्यंत तर राज्यातल्या शाळांना व्यापारी दराने वीज घ्यावी लागत होती. त्या वर्षी वीज नियामक आयोगाने सार्वजनिक सेवांचा वेगळा गट केला आणि दर थोडा खाली आला. पण दर खाली आला तरी बिल कोणीतरी भरायलाच हवं, आणि ते ‘कोणीतरी’ आपल्या तरतुदीत कुठेच नाही. बैलजोडीला कर्ज मिळतं, तणसीला मिळत नाही, हे साकोलीच्या धान उत्पादकाला समजावून सांगायला नको.

हे आजच घडतंय असंही नाही. केंद्राच्या आयसीटी योजनेत राज्यातल्या 8 हजार शाळांना तीन टप्प्यांत संगणक कक्ष मिळाले. कंपनीने उभारायचं, पाच वर्षं चालवायचं आणि मग शाळेच्या हवाली करायचं. करार संपले तसे संगणक शिकवणारे निदेशक घरी गेले, आंदोलनं करून थकले. संगणक मात्र शाळांच्या मालकीचे झाले. मालकीचा कागद पक्का, शिकवणारा माणूस गायब. या अनुभवातून आपण काय शिकलात? पुढच्या खेपेला पडदा मोठा घ्यायचा, एवढंच.

आता आपल्या वकिलांचे आक्षेप. पहिला असा की, पालकांनाच डिजिटल शाळा हवी असते, त्याशिवाय मुलं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसून निघून जातात. हे खरं आहे, आणि ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्यासारख्या शाळांनी डिजिटल होऊनही दाखवलं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. पण तो पुरस्कार शिक्षकाला मिळाला हो, क्यूआर कोडला नाही. दोन्ही ठिकाणी आधी गुरुजी होते आणि यंत्र त्यांच्या हाताखाली आलं. आपण यंत्र पाठवता आणि हात काढून घेता.

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे : शिक्षक कमी आहेत म्हणूनच तर पडदा हवा, एका गुरुजींचे दोन होतील. याची परीक्षा आधीच झालेली आहे. गुजरातेत ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संगणकाचे दोन प्रयोग झाले आणि अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांनी त्यांचा अभ्यास केला. शाळा सुटल्यावर जादाची मदत म्हणून संगणक वापरला तेव्हा कच्च्या मुलांना फायदा झाला. शिकवण्याच्या तासाच्या जागी तोच संगणक आणला, तर मुलं आधीपेक्षा कमी शिकली. पेरूने मुलांना लाखांनी लॅपटॉप वाटले. 319 ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषा होती तिथेच राहिली. आणि पडद्याची ओळख व्हावी म्हणून हा खटाटोप असेल तर तो उशिरा सुचला. ‘असर’ 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. एका खोलीत चार इयत्ता बसलेल्या असतात. पहिलीचं पोर मुळाक्षर उलटं काढतंय, तिसरीतली मुलगी हातच्याच्या वजाबाकीत वरच्या आकड्यातून खालचा वजा करायचं सोडून खालच्यातून वरचा करतेय, चौथीला परिसर अभ्यास हवाय, आणि एकटे गुरुजी पोषण आहाराची ऑनलाइन माहिती भरतायत. त्या मुलीची चूक नेमकी कुठे होते, हे भिंतीवरच्या टीव्हीला दिसत नाही. दिसलंच तर वाकून पाटीवर बघणाऱ्याला दिसेल.

तिसरा आक्षेप पैशाचा : शिक्षक परवडत नाही. 2024 च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांवर महिना 15 हजार मानधनाचे कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तो निर्णयच रद्द झाला. कंत्राटी पद्धतीचं कौतुक मला नाही. पण हिशेब तर होऊ द्या : 2 लाख 40 हजारांत असा माणूस सोळा महिने मिळतो. तरीही गावाने स्वतःच शिक्षक ठेवायचं मनात आणलं तर? पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, आणि उरलेल्या अबंधित निधीतून वेतन द्यायला मनाई होती. ग्रामपंचायतीने टीव्ही घ्यावा, माणूस ठेवू नये.

इथे उपरोध पुरे झाला. शिक्षणहक्क कायदा पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्या म्हणतो. 2023 मध्ये राज्यात वीसपर्यंत पटाच्या 14 हजार 783 शाळा आणि त्यांत 1 लाख 85 हजार मुलं मोजली गेली, आणि या मुलांसाठी सरकारला सुचलं काय, तर शाळा एकत्र करणं. ज्यांच्या आईबापांना दुसरी शाळा परवडत नाही, त्यांच्या वाट्याचा शिक्षक काढून घ्यायचा, समोर पडदा लावायचा आणि फोटो काढायचा, याला फसवणूक म्हणतात. शेजारच्या गावातली शाळा नागझिऱ्याच्या बाजूच्या जंगलवाटेपलीकडे असेल, तर सातवीतली मुलगी तिथे रोज जाणार नाही, घरी बसेल. हे मंत्रालयात कोणाला ठाऊक नाही, असं मी मानत नाही.

खरं सांगायचं तर आपलीही दया येते, महोदय. आपल्याला जन्मच खरेदीसाठी दिलेला. लेखापरीक्षकाला वस्तू मोजता येते : तिला अनुक्रमांक असतो, जडवस्तू नोंदवहीत तिची ओळ असते, उपयोगिता प्रमाणपत्राला तिचा फोटो लागतो. मुलीची वजाबाकी सुधारली, याचं व्हाउचर कुठे जोडायचं? आपल्या मनात आलं, की यंदा पॅनेल नको, थकलेली बिलं भरू, तरी पुनर्विनियोजनाचा अधिकार आपल्याला नाही. आपण एक आकडा आहात आणि आपल्याआड लपणारी माणसं मात्र हाडामांसाची आहेत.

तेव्हा एवढंच करा. येत्या मार्चात साकोलीहून खरेदीचा प्रस्ताव आला, तर त्यासोबत तीन कागद मागा : त्या शाळेचं चालू वीजबिल भरल्याची पावती, पुढच्या तीन वर्षांच्या बिलाची आणि दुरुस्तीची तरतूद, आणि मंजूर पदावर प्रत्यक्ष हजर असलेल्या शिक्षकाचं नाव. एकही कागद कमी असेल तर ‘त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे’ असा शेरा मारून फाइल परत पाठवा. एरवी हा शेरा आपल्याकडे तोंडपाठ असतोच.

कळावे,
आपला,
साकोलीतला एक करदाता