नकलेचा धंदा

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापड बाजारात नकलेला कुणी नाक मुरडत नाही. नटीच्या अंगावरची साडी पडद्यावर झळकते न झळकते, तोच तिची ‘सेम टू सेम’ बहीण इथल्या गठ्ठ्यांत हजर. मूळ डिझाइन कुणाच्या तरी कपाटात. धंदा चालतो नकलेवर.

पेशीचंही तेच. डीएनए कपाटात राहतो. हव्या त्या जनुकाची तेवढी आरएनए नावाची नक्कल निघते आणि प्रथिनं विणायला जाते. ती काढणारं विकर म्हणजे आरएनए पॉलिमरेज. मोठं कामसू! ई. कोलाय जिवाणूत ते सेकंदाला 40-50 अक्षरं उतरवतं. अधूनमधून चुकतंही, पण चालतं. तिथली नक्कल काही मिनिटांतच मोडीत निघते.

लिंबायतमधल्या आमच्या शेजारच्या आप्पांना टीबी निघाला आणि या विकराशी आमचा घरोबा झाला. आप्पा मूळचे अमळनेरचे, लूमवर रात्रपाळी करणारे. गोळ्या सुरू झाल्या नि लघवी नारिंगी झाली. “भाऊ, रक्त चाललं वाटतं!”

“रक्त नाही आप्पा, रिफाम्पिसिन.”

हे औषध जंतूच्या पॉलिमरेजच्या खोबणीत जाऊन बसतं. दोन-तीन अक्षरं उतरतात आणि पुढची वाट बंद. आपल्या पॉलिमरेजची घडण वेगळी, तिथं ते बसत नाही.

“म्हणजे त्याच्या खात्याला टाळंच की,” आप्पा खूश झाले.

या औषधाचं कूळही रंगेल. 1957 साली मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून त्याचा पूर्वज मिळाला, आणि संशोधकांनी त्याचं बारसं केलं ‘रिफिफी’ या दरोड्याच्या सिनेमावरून. क्षयाच्या औषधाला इतकं चैनी नाव आपल्याकडच्या समितीनं मंजूर केलं नसतं.

जंतूही बेरकी. पॉलिमरेजच्या जनुकात एखादंच अक्षर बदललं, की खोबणी बदलते आणि औषधाचा हात सुटतो. म्हणून थुंकीची ‘सीबीनॅट’ तपासणी आधी करतात. ते यंत्र त्या जनुकातला 81 अक्षरांचा पट्टा दोनेक तासांत तपासतं. आप्पांच्या जंतूचा पट्टा सुदैवानं जुन्याच वळणाचा निघाला.

कोर्स सहा महिन्यांचा. खोकला थांबताच आप्पा गोळ्या सोडायच्या बेतात होते, पण काकूंनी डबा ताब्यात घेतला. गोळी घेतली म्हणून शपथा घेणाऱ्या नवऱ्यावर त्यांचा विश्वास नाही. न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून त्या रोज एकच विचारतात, “रंग आला का?”