लडाख करून आलेला माणूस

काशी करून आलेला माणूस मावंदं घालतो, चार पानं उठवतो आणि मोकळा होतो. लडाख करून आलेल्या माणसाचं मावंदं वर्षानुवर्षं चालू राहतं. आमच्या सोसायटीत असा एक आहे, तुमच्याही असेलच. नसेल तर पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. ज्या बुलेटच्या हँडलला तिबेटी पताकांची माळ असेल, ती त्याची. निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा असे पाच रंग मूळचे. पुण्याच्या धुरानं आता त्यांच्यातला भेदभाव मिटवला आहे.

त्याची गोष्ट सुरू होते ती अशी: "पुण्यातून निघालो, आणि रोहतांग चढताना..." मधल्या सुमारे दोन हजार किलोमीटरांचं काय झालं, हे विचारायचं नसतं. विचारलंच, तर आतून वहिनी सांगतात. गाडी रेल्वेनं गेली. पार्सल ऑफिसात पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत काढलं, गोणपाटात शिवली आणि चंडीगडला रवाना केली. स्वारी विमानानं. पण रोहतांग तो चढला हे खरं. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून 9 किलोमीटरांत माणूस अलगद लाहौलमध्ये उतरतो, तरी हा वरूनच गेला. "बोगद्यातून काय, कारवाले जातात!"

त्यानंतर त्याला इकडचे घाट दिसेनासे झाले. खंबाटकीला तो 'थोडा उंचवटा' म्हणतो. ताम्हिणीतून आलेल्या माणसाला विचारतो, "किती वळणं सलग?" समोरचा गडबडला की हा गाटा लूप्स काढतो. मनाली-लेह रस्त्यावर एकाच डोंगराला एकावर एक घातलेली 21 वळणं. वर पोचून खाली पाहिलं, की मघाशी ज्याच्या मागे तासभर धूर खाल्ला तो ट्रक आगपेटीएवढा दिसतो.

त्यांतल्याच एका वळणावर एक छोटंसं देऊळवजा ठाणं आहे. बंद पडलेल्या ट्रकजवळ राहिलेला क्लीनर बर्फात तहानेनं गेला, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागतो, अशी गोष्ट सांगतात. म्हणून लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात, कुणी सिगरेटही. आमचा गडी सत्यनारायणाला 'थोतांड' म्हणणारा आणि टँकरच्या पाण्याच्या वाट्यावरून दर मीटिंगला तावातावानं भांडणारा. त्यानं भुतापुढे सीलबंद बाटली ठेवली. "प्रश्न श्रद्धेचा नाही," तो म्हणतो, "पुढे अजून वळणं होती."

खाण्याचा अध्याय थोर आहे. तांदीच्या पंपावर पाटी आहे, पुढचा पेट्रोल पंप 365 किलोमीटरवर. ती वाचून यानं दोन कॅन भरून मागे बांधले. त्यातला एक झिरपला, तो नेमका बाकरवडीच्या पिशवीत. शेजारी चिवड्याचं पाकीट होतं. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे ते तट्ट फुगलेलं. सरचूच्या तंबूत, 14,000 फुटांवर, डोकं ठणकत असताना त्यानं ते उघडलं. ठो आवाज झाला आणि चिवडा चौघांच्या झोपण्याच्या पिशव्यांत गेला. रात्रभर ही मंडळी कुशी बदलत शेंगदाणे खात होती. पहाटे उरली ती बाकरवडी. पेट्रोलच्या वासाची. "तशी चव पुन्हा नाही," हे तो अजूनही गंभीरपणे म्हणतो.

"नेटवर्क नव्हतं, तिथे माणूस स्वतःला भेटतो," हे त्याचं लाडकं वाक्य. बाहेरची प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, एवढाच त्यामागचा अध्यात्माचा भाग. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे, अनोळखी माणसांचे फोन मागून घेऊन स्वारी रोज संध्याकाळी घरी बोलायची आणि इन्व्हर्टरमध्ये पाणी घातलं का ते विचारायची.

त्याच्या ज्ञानाचा उपयोग कुठे होईल, सांगता येत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला, की तो काठावर उभा राहून लोकांना समजावतो: "नाला नेहमी सकाळी सहाला ओलांडावा. दुपारी वरचं बर्फ वितळतं, पाणी वाढतं." लोक आधी पुलाकडे बघतात, मग सिंहगडाच्या दिशेनं बर्फ शोधतात.

वळण मात्र त्याला घेता येतं, हे कबूल करायला हवं. आमच्या तळघराच्या उतारावर तो रोज ते करतो आणि मी मुद्दाम थांबून बघतो. वळणाआधीच ब्रेक, गिअर खाली, क्लच मोकळा, गाडी इंजिनाच्या ओढीवर. नजर चाकापुढे नाही, तर वळण जिथे संपतं तिथे, म्हणजे कुलकर्ण्यांच्या व्हॅगनारवर. एक हॉर्न. चढणाऱ्याला आधी वाट, म्हणून खालून येणाऱ्या स्कूटीवरच्या आजींना तो हात करून पुढे सोडतो. शहरात इतक्या सभ्यपणे गाडी चालवणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. दरीनं त्याला जे शिकवलं ते आमच्या आरटीओला जमलं नसतं.

गेल्या दिवाळीत मात्र घात झाला. खारदुंग ला हा जगातला सगळ्यात उंच रस्ता, पाटीवर 18,380 फूट, आणि पाटीसकट त्याचा फोटो दिवाणखान्यात टांगलेला. वहिनींचा कॉलेजातला भाचा फराळ करता करता म्हणाला, "काका, ती पाटी चुकीची. मोजली तर उंची 17,582 च्या आसपास भरते. आणि उमलिंग ला त्याहून उंच, 19,024 फूट. 2021 मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली."

त्यानं हातातला लाडू ताटात परत ठेवला.

पाडव्याला माळ्यावरून पेट्रोलचे कॅन खाली आले. मी गेलो तेव्हा नकाशा पसरलेला, आणि चीनच्या हद्दीजवळचा भाग म्हणून परवान्याचं काय, याची फोनाफोनी चालू होती.

"या खेपेला मीही येणारे," वहिनी म्हणाल्या.

त्याचा चेहरा उजळला. "मागच्या सीटला नवी गादी लावून घेतो!"

"गादी कशाला? लेहला थेट विमान उतरतं. तुम्ही या वळणं घेत घेत, मी हॉटेलात थांबते."