सहकुटुंब सहपरिवार

बिल्ड स्क्रिप्ट आवडीने कोणी वाचत नाही. चालते आहे तोवर तिला हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. तरी ती वाढते, कारण नवं काही हवं असलं की वरचाच तुकडा उचलून खाली चिकटवतात. कंपाइल करताना फाइलींची एक यादी, चाचण्यांसाठी तीच, जार बांधताना पुन्हा तीच. फाइल वाढली की तिन्हीकडे बदल करायचा असतो. तो दोन ठिकाणी होतो.

या दुनियेत पुनरुक्तीइतकीच भीडही मुरलेली आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही. पण काही आठवड्यांतच डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी कशाला मोडा, म्हणून टॅब राहिला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती डझनभरांची ठेवली आणि डोकेदुखी पुढच्या पिढ्यांना झाली. पुनरुक्तीवर मात्र ‘मेक’कडे तोड होती: जे बनवायचं त्याला $@, ज्यापासून बनवायचं त्यातल्या पहिल्याला $<. नावं पुन्हा लिहायला नकोत. वाचणाऱ्याने काय करावं, हा प्रश्न वेगळा.

टॅबला वैतागलेल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी जावासाठी ‘अँट’ रचलं. २००० पासून ते सगळ्यांच्या हाती आलं. टॅब गेला, एक्सएमएलचे कोनी कंस आले. पण त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते: फाइलसेट. फाइलींच्या समूहाला एकदा आयडी द्यायचा, मग हवं तिथे रेफआयडीने हाक मारायची. पुढे मॅक्रोडेफ आलं आणि अख्ख्या कृतीलाही नाव देता येऊ लागलं. त्याचाही अतिरेक होतोच. सात पॅरामीटर घेणारा मॅक्रो पाहिला की मला दोनदा लिहिलेला साधा तुकडा बरा वाटतो. तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर नाव द्यावं.

खरी गंमत दोन ताऱ्यांत आहे. फाइलसेटमध्ये **/*.java लिहिलं, की ते थेट लग्नपत्रिकेवरचं ‘सहकुटुंब सहपरिवार’. कितीही आतल्या फोल्डरमधली जावा फाइल असो, आमंत्रण पोचलं. मग कोणीतरी ‘असू दे’ म्हणून ठेवलेली जुनी प्रतही नटूनथटून हजर होते. त्यासाठी एक्सक्लूड आहे, आणि एडिटरच्या ~ लागलेल्या प्रती तर अँट न सांगताच दारातून परत पाठवतं. १.८.२ आवृत्तीपासून ‘.gitignore’ही त्या वगळलेल्यांत गेली, त्यामुळे अख्खं फोल्डर कॉपी करूनही ही एक फाइल पलीकडे पोचत नाही.

‘सीमेक’ या आणखी एका बिल्ड-साधनाच्या कर्त्यांना हे ढोबळ आमंत्रणच मान्य नाही. सोर्स फाइली ग्लॉबने, म्हणजे अशा ताऱ्यांच्या नमुन्याने, गोळा करू नका, नावं हाताने लिहा, असं त्यांची मार्गदर्शिका सांगते. कारण रोकडं आहे: नवी फाइल आली, पण सीमेकलिस्ट्स ही त्यांची बिल्ड फाइल तशीच राहिली, तर यादी पुन्हा करायची आहे हे बिल्डला कळणार कसं? आळशांसाठी पुढे ‘कॉन्फिगर डिपेंड्स’ची सोय झाली, म्हणजे प्रत्येक पंगतीआधी दारात उभं राहून माणसं नव्याने मोजायची. तीही सगळीकडे भरवशाने चालेलच असं नाही, हे त्याच मार्गदर्शिकेत पुढे लिहिलेलं आहे.